आजीची मोतिया साडी आणि लेकीचा बाप्तिस्मा

(वाचक भगिनीचे पत्र संक्षिप्त केले असून ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.)

आदरणीय ताई,

माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी ती पदव्युत्तर शिक्षणासाठी फ्रान्समध्ये, लिआँ शहरात गेली. आमचे घर पुण्यातले, देवधर्म बेताने पाळणारे; गौरी-गणपती, नवरात्र, श्रावणात एखादा सत्यनारायण, एवढेच. गेल्या दिवाळीत तिने फोनवर सांगितले की ती वर्षभरापासून चर्चमध्ये जाते आणि येत्या ईस्टरला बाप्तिस्मा घेणार आहे. पहिल्या डिसेंबरात तिथल्या खिडक्यांमध्ये लावलेले दिवे पाहून तिला घरची आठवण आली आणि ती मैत्रिणीबरोबर चर्चमध्ये गेली, तिथून हे सुरू झाले असे ती म्हणते. ह्यांनी फोन ठेवला, तेव्हापासून ते तिच्याशी बोललेले नाहीत. फ्लॅटवरचा तिचा हक्क काढून टाकतो म्हणतात. मी तिला म्हटले, आपण येशूचा फोटो देव्हाऱ्यात ठेवू, आमची काही हरकत नाही, पण हा विधी कशाला? त्यावर ती रडायलाच लागली. तिला तिकडे कोणी फ्रेंच बाई 'धर्ममाता' म्हणून मिळाली आहे. मग मी कोण? आमचे काय चुकले? कोणी तिला जाळ्यात तर ओढले नसेल? तिचे लग्न कसे होणार? सोसायटीत काय सांगायचे?

ता. क. : तिने मला त्या रात्री तिकडे बोलावले आहे. माझ्या सासूबाईंची मोतिया रंगाची माहेश्वरी साडीही मागितली आहे. पाठवू की नको?

उत्तर

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा माझी नजर ताज्या कलमावर येऊन थांबली. वरच्या मजकुरात मुलगी दुरावल्याचे दुःख आहे आणि खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी, तिने तुम्हाला बोलावल्याची बातमी आहे. मला तुमच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा ही बातमी मोठी वाटते, म्हणून बाकीच्या गोष्टींचा विचार मी तिच्याकडे पाहत करणार आहे.

मी ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगते. माझे बालपण नगरमध्ये गेले. शेजारच्या ख्रिस्ती घरातून नाताळात येणाऱ्या फराळाच्या ताटात आमच्यासारख्याच करंज्या आणि चकल्या असत, संध्याकाळी त्यांच्याकडे टाळ-पेटीवर भजने चालत, त्यामुळे ख्रिस्ती म्हणजे कोणी परके ही कल्पना माझ्या डोक्यात कधी नीट बसलीच नाही. हा माझा पूर्वग्रह आहे असे धरूनच पुढचे वाचावे.

तुमची पहिली भीती जाळ्याची आहे आणि ती चुकीची नाही. परक्या देशात एकटी राहणारी मुलगी म्हटल्यावर ही शंका कोणत्याही आईला येईल. मात्र जाळे टाकणाऱ्याला घाई असते, आणि कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाचा बाप्तिस्मा हे अतिशय सावकाश चालणारे काम आहे. फ्रान्समध्ये या तयारीला साधारणपणे वर्ष ते दोन वर्षे लागतात. सुरुवातीला एका छोट्या विधीत इच्छुकाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात आणि त्याच्या हाती शुभवर्तमानाचे पुस्तक देतात. त्यानंतर कित्येक महिने गटात बसून वाचन, शंका, वाद आणि प्रार्थना चालतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला, म्हणजे यंदा, 2026 मध्ये, 22 फेब्रुवारीच्या सुमारास, धर्मप्रांतातल्या सगळ्या इच्छुकांना बिशप, म्हणजे त्या प्रांताचे प्रमुख धर्मगुरू, एकत्र बोलावतात आणि एकेकाचे नाव घेऊन त्याला पुढे हाक मारतात. त्या काळातल्या तीन रविवारी आत्मपरीक्षणाच्या खास प्रार्थना होतात आणि मग ईस्टरच्या आदल्या रात्री, यंदा 4 एप्रिलच्या शनिवारी, बाप्तिस्मा, दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि पहिले कम्युनियन (ख्रिस्ताचे शरीर म्हणून पवित्र भाकर ग्रहण करणे) हे तिन्ही संस्कार एकापाठोपाठ होतात. यातल्या कोणत्याही टप्प्यावर "मला अजून वेळ हवा" किंवा "मला नको" असे म्हणता येते, आणि असे म्हणणारे असतातही. सक्तीने दिलेला प्रौढाचा बाप्तिस्मा चर्चचा स्वतःचा कायदाच ग्राह्य धरत नाही.

या वाटेवर एक टप्पा असा आहे की तो तुमच्या फार उपयोगाचा आहे. आपल्याला बाप्तिस्मा का हवा, हे इच्छुकाने बिशपना स्वतःच्या शब्दांत पत्राने कळवायचे, अशी फ्रान्समध्ये पद्धत आहे. तुमची मुलगी हे पत्र एव्हाना लिहीत असेल किंवा तिने ते लिहून पूर्णही केले असेल. ते तिच्याकडे मागा. बिशपना पाठवलेले फ्रेंच पत्र नको, तेच तुला मला मराठीत वाचून दाखवता येईल का, असे विचारा. ज्या अनुभवाचे सगळे शब्द तिला फ्रेंचमध्ये मिळाले, त्यासाठी तिला आता मराठी शब्द शोधावे लागतील. 'कृपा', 'शरण', 'क्षमा' हे शब्द आजीच्या हरिपाठातून तिच्या कानावरून गेलेले असणार, आणि त्यातले कोणते वापरायचे आणि कोणते टाळायचे याचा विचार करताना ती तुमच्याशी आजवर बोलली नसेल इतके बोलेल. तुम्ही मध्ये काहीही बोलू नका. अर्ध्या तासाचे ते वाचन तुमच्या "आमचे काय चुकले" या प्रश्नाला माझ्या उत्तरापेक्षा पुष्कळ चांगले उत्तर देईल.

तरीही काही गोष्टी स्पष्टपणे विचारून घ्या, कारण चर्चच्या नावाखाली सगळेच चांगले असते असे नाही. तिच्याकडे कोणी पैसे मागते का, जुन्या मैत्रिणी आणि अभ्यास सोडायला कोणी सांगते का, घरच्यांविषयी कोणी तुच्छतेने बोलते का, एकच माणूस तिच्या प्रत्येक निर्णयावर हक्क सांगतो का? फ्रेंच कॅथलिक चर्चने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने 2021 मध्ये दिलेल्या अहवालात, 1950 पासून धर्मगुरूंनी लैंगिक अत्याचार केलेल्या अल्पवयीन मुलांची संख्या सुमारे 2,16,000 असावी असा अंदाज मांडला होता. हे तुमच्या मुलीला ठाऊक असणार. तिथे राहून ते ठाऊक नसणे कठीण आहे. तिला विचारा की हे माहीत असूनही तू तिथे का जातेस. भक्तीत बुडालेल्या माणसाला हा प्रश्न राग आणतो आणि विचार करून आलेल्या माणसाकडे त्याचे उत्तर असते, त्यामुळे तिच्या मनाची अवस्था तुम्हाला तिथेच कळेल. तुमच्या पत्रात जे आहे त्यावरून, म्हणजे तिने स्वतःहून सांगितले, आईला बोलावले, अभ्यास चालू ठेवला, यावरून मला तरी धोक्याची खूण दिसत नाही.

ती एकटी वाट चुकली आहे असेही समजू नका. ज्या देशात 1905 च्या कायद्याने चर्च आणि शासन वेगळे केले आणि जिथे धर्म हा विषय चारचौघांत काढणेही अनेकांना अवघड वाटते, त्याच फ्रान्समध्ये 2025 च्या ईस्टरला 10,384 प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला. आदल्या वर्षीपेक्षा ही संख्या 45 टक्क्यांनी अधिक होती आणि त्यातले 42 टक्के 18 ते 25 या वयाचे होते. त्याशिवाय 7,400 हून अधिक किशोरवयीन मुलामुलींनीही बाप्तिस्मा घेतला. दरवर्षी ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्ट सणाच्या सुटीत पॅरिसहून शार्त्रच्या कॅथीड्रलपर्यंत सुमारे 100 किलोमीटर पायी जाणारी एक यात्रा निघते. 2025 मध्ये तिच्यात सुमारे 19,000 लोक होते आणि बहुतेक तरुण. तीन दिवस चालणे, तंबूत झोपणे, पायाला फोड, ओठांवर गाणी. आपल्या वारकऱ्याला तिथे नेऊन सोडले तर भाषा सोडून त्याला फारसे काही परके वाटणार नाही.

आता या आकड्यांचा कोणी ढोल पिटला तर तोही ऐकू नका. फ्रान्सच्या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या 2019-20 च्या पाहणीत 18 ते 59 वयाच्या 51 टक्के लोकांनी आपला कोणताच धर्म नसल्याचे सांगितले होते आणि स्वतःला कॅथलिक म्हणवणारे 29 टक्केच होते. ब्रिटनमध्ये 2025 साली तरुण पिढी चर्चकडे परतत असल्याचे सांगणारा एक अहवाल खूप गाजला, पण त्याच्या आकड्यांवर इतर संशोधकांनी लगेच आक्षेप घेतले. ओहोटी मोठी आहे आणि तिच्यात उलट दिशेने वाहणारा एक बारीक पण खरा प्रवाह आहे, एवढेच जबाबदारीने म्हणता येते. या प्रवाहात आलेल्या अनेकांच्या घरात धर्म उरलेलाच नव्हता. आजीने चर्च सोडले, आईने मुलाला तिथे कधी नेले नाही, आणि नातवाला त्याविषयी राग किंवा कंटाळा यायलाही कारण उरले नाही. त्यामुळे तो तिथे नव्या वस्तीत शिरावे तसा कुतूहलाने शिरतो. कोविडच्या साथीच्या काळातला एकटेपणा, मोबाइलवर सतत चाललेली तुलना, कोणाच्या तरी मृत्यूनंतर पडलेले प्रश्न, मुसलमान वर्गमित्रांचे मोकळेपणाने पाळलेले रोजे पाहून "आपले काय?" असे वाटणे, अशी निरनिराळी कारणे एकेकाच्या बाबतीत असतात. मोबाइलवरच्या प्रवचनकारांचाही यात वाटा आहे आणि त्यातले काही जण धर्मापेक्षा राजकारणच अधिक विकतात असे माझे मत आहे. तुमची लेक मात्र प्रत्यक्ष माणसांत, एका चर्चच्या गटात शिकते आहे, हे बरे आहे.

तिच्या त्या दिव्यांविषयी थोडे सांगायला हवे, कारण तुम्ही ते ओझरते लिहिले आहे. लिआँमध्ये 8 डिसेंबर 1852 पासून दरवर्षी त्या दिवशी येशूची आई मरीया हिच्या सन्मानार्थ घरोघरी खिडकीच्या कठड्यावर रंगीत काचेच्या छोट्या पेल्यांत मेणबत्त्या लावतात. अलीकडे त्याचा प्रकाशझोतांचा मोठा सरकारी उत्सव झाला आहे आणि लाखो पर्यटक येतात, पण जुन्या घरांच्या खिडक्यांत ते पेले अजून दिसतात आणि टेकडीवर फुर्व्हिएरची बॅसिलिका, म्हणजे तिथले मोठे चर्च, उजळलेली असते. घरापासून दूर असलेल्या पहिल्याच वर्षी, दिवाळी हॉस्टेलच्या खोलीत एकटीने काढल्यावर, महिन्याभराने अख्ख्या शहराच्या खिडक्यांत पणत्यांसारखे दिवे दिसल्यावर तुमच्या मुलीच्या पोटात काय झाले असेल, याची कल्पना तुमच्याइतकी कोणी करू शकणार नाही. तिला दिव्याचा अर्थ कळला तो तुम्ही दरवर्षी उंबऱ्यावर पणती ठेवलीत म्हणून. तिथे तुमचे काही चुकले असे मला मुळीच दिसत नाही.

आता देव्हाऱ्यातल्या फोटोकडे येते, कारण तिथे तुम्ही मनापासून मोठेपणा दाखवलात आणि तरी ती रडली, हे तुम्हाला सर्वांत जास्त लागले आहे. आपल्या घरांत देव वाढतात. कुलदैवत, त्यात माहेरहून आलेली अन्नपूर्णा, कोणी शिर्डीहून आणलेली तसबीर, कोणी दिलेला शंख. जागा करायची आणि फूल वाहायचे, ही आपली रीत आहे आणि त्यात औदार्य आहे. पण बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या माणसाला त्या रात्री सर्वांसमोर एकाच देवावरची निष्ठा स्पष्ट शब्दांत उच्चारावी लागते. आणखी एक तसबीर म्हणून ख्रिस्ताचा स्वीकार करणे तिला शक्य असते, तर हा विधी तिने मागितलाच नसता. तुमच्या प्रस्तावातून तिला ऐकू आले ते असे, की आईला आपले म्हणणे कळलेच नाही. "सगळे देव एकच" हे तुम्ही प्रेमाने म्हणाल आणि तिला ते दरवेळी थोडे खुपेल. ते वाक्य काही दिवस बाजूला ठेवा.

याचा अर्थ ती गणपतीत घरी आली तर दाराबाहेर उभी राहील असा नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर 1965 मध्ये इतर धर्मांविषयी जे निवेदन मंजूर केले त्यात हिंदू धर्माचा नावाने उल्लेख आहे आणि या धर्मांतले जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असे त्यात म्हटले आहे. ती उकडीचे मोदक वळेल, पाहुण्यांना चहा देईल, रांगोळी काढेल; आरतीचे तबक हातात घेणार नाही, कदाचित टाळ्याही वाजवणार नाही. प्रसाद घेईल की नाही, हा प्रश्न ती स्वतःच्या मनाशी सोडवील. बायबलमधल्या, कोरिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाला देवतांना वाहिलेल्या अन्नाविषयी जवळजवळ याच अडचणीचे उत्तर द्यावे लागले होते, म्हणजे हा पेच पुण्यातल्या पहिल्याच घरापुढे आलेला नाही. यंदाच्या गणपतीआधी तिला सरळ विचारून ठेवा की तुला काय चालेल आणि काय चालणार नाही. ऐन आरतीच्या वेळी, दहा नातेवाइकांसमोर ते कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

मराठी घरांनी हे सगळे यापूर्वी सोसलेले आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे केवढा गदारोळ झाला हे आपण शाळेत वाचतो. तिकडे काय झाले हे कमी वाचतो. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धार्मिक मार्गदर्शक होत्या त्यांच्याशी रमाबाईंचा पत्रांतून वर्षानुवर्षे वाद चालला, कारण चर्च सांगते म्हणून एखादी गोष्ट मान्य करायला त्या तयार नव्हत्या, आणि शाकाहारही त्यांनी सोडला नाही. धर्म बदलला आणि बाणा तोच राहिला. तुमची मुलगी नाव बदलेल का, ही भीती तुम्ही लिहिली नसली तरी ती मनात असणार. तशी सक्ती नाही. रमाबाईंना आपण रमाबाई म्हणूनच ओळखतो आणि कवी नारायण वामन टिळक बाप्तिस्म्यानंतरही नारायण वामनच राहिले.

टिळकांच्या घरातली गोष्ट तुमच्या यजमानांना सांगण्यासारखी आहे. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर आपल्या माणसांत होत्या आणि ती बातमी त्यांच्यावर आकाश कोसळावे तशी आली. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. मग त्या नवऱ्याकडे नांदायला परत गेल्या त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळेओवळे आणि आपला वेगळा स्वयंपाक सांभाळत. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो पुढे 1900 मध्ये, स्वतःला पटल्यावर. त्या मधल्या काळात एका छपराखाली दोन धर्म राहिले, भांडले, हसले आणि जेवले. तुम्हाला तर चुलीही वेगळ्या मांडायच्या नाहीत.

धर्ममातेविषयी तुम्ही फक्त एक ओळ लिहिली आहे, पण ती ओळ लिहिताना हात थांबला असणार. 'माता' हा शब्दच टोचतो. प्रत्यक्षात ती साक्षीदार असते. बाप्तिस्म्याच्या वेळी इच्छुकाच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभी राहते, आणि नंतर हिचे बरे चालले आहे ना याची विचारपूस करते. आपल्याकडे मौंजीत मामा लागतो, लग्नात करवली लागते, तसे हे विधीतले एक नाते आहे. लिआँच्या हिवाळ्यात कोणी वयस्कर बाई तुमच्या मुलीला जेवायला बोलावते, हे मी तुमच्या जागी असते तर मला मत्सर वाटलाच असता, आणि त्या बाईंना मी गोडा मसाल्याचे पाकीटही पाठवले असते.

तुमच्या यजमानांच्या रागाबद्दल: फ्लॅट त्यांच्या स्वकष्टार्जित पैशाचा असेल तर मृत्युपत्राने तो ते कोणालाही देऊ शकतात, त्याला धर्माचे कारण लागत नाही. परंतु धर्म बदलला म्हणून मुलीचा वारसाहक्क आपोआप संपतो हा समज चुकीचा आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार धर्मांतरानंतर झालेल्या अपत्यांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळण्यात अडचण येते, धर्मांतर करणाऱ्या व्यक्तीला स्वतःला नाही. काही कागद करण्यापूर्वी त्यांनी वकिलाला भेटावे, आणि त्याहीपूर्वी सहा महिने काहीच करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यांच्यावर बोलण्याची सक्ती करू नका. फोन स्पीकरवर ठेवा आणि ते त्याच खोलीत पेपर वाचत बसले तरी चालेल.

लग्नाची काळजी आज कशाला? ती चोवीस वर्षांची आहे. कॅथलिक व्यक्तीला बिशपच्या परवानगीने ख्रिस्ती नसलेल्या व्यक्तीशी विवाह करता येतो आणि आपल्याकडे 1954 चा विशेष विवाह कायदा आहे.

सोसायटीचे म्हणाल, तर तुमच्या पुण्यातच 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींनी मिशनऱ्यांचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीबहिष्काराचे प्रकरण, झाले होते. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्या मंडळींत होते, आणि त्या एका कपाचे प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. आज ती हकिकत आपण हसत सांगतो. कोणी विचारलेच तर "हो, तिने विचार करून निर्णय घेतला आहे" एवढे एक वाक्य बोला आणि विषय पाण्याच्या टँकरवर न्या.

आणि आता ताज्या कलमाकडे. जा. जमत असेल तर नक्की जा. व्हिसाच्या अर्जाची तारीख आजच घ्या, कारण मार्च-एप्रिलमध्ये गर्दी असते. तुम्ही तिथे प्रेक्षक म्हणून बसलात तरी कोणी हरकत घेत नाही. गुडघे टेकण्याची, प्रार्थना म्हणण्याची तुमच्यावर सक्ती नाही, आणि कम्युनियनच्या रांगेत मात्र तुम्ही जायचे नसते, जागेवर बसून राहायचे. विधी अंधारात सुरू होतो. चर्चच्या दाराबाहेर होळीसारखा अग्नी पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात, आणि ती घेऊन सगळे काळोख्या चर्चमध्ये शिरले की एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची असे करत सगळे चर्च उजळते. तुमच्या हातातही कोणीतरी मेणबत्ती देईल. मग बराच वेळ वाचने चालतील, ती फ्रेंचमध्ये असल्यामुळे तुम्हाला कंटाळा येईल, तेवढ्यात डुलकी काढलीत तरी कोणाला कळणार नाही. बाप्तिस्मा त्यानंतर आहे. तीनदा पाणी, मग शुभ्र वस्त्र. जाणे शक्य नसेल तर त्या रात्री जागे राहा आणि विधी संपल्यावर तिचा फोन पहिल्या घंटीला उचला. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन-चार वाजलेले असतील.

पांढऱ्या रंगाने तुम्हाला धसका बसला असेल, पण त्या रात्री तिकडे पांढरे म्हणजे नवे. तिने बाजारातला पांढरा झगा न मागता सासूबाईंची माहेश्वरी मागितली आहे, ती कपाटातून काढा. इतकी वर्षे घडीत राहिलेले रेशीम घडीवरच विरते, म्हणून आधी दोन दिवस सावलीत मोकळी टाका आणि फॉल सुटला असेल तर शिवून घ्या. ब्लाऊज तिच्या मापाचा इथेच शिवा. दोन परकर द्या, तिकडे मिळणार नाहीत. नाडी सुती घाला, सॅटिनची निसटते आणि तिला साडी नेसायची सवय नाही. एप्रिलच्या रात्री लिआँमध्ये थंडी असते आणि सुरुवातीला बराच वेळ बाहेर उभे राहायचे असते, तेव्हा एक शालही ठेवा. पाणी डोक्यावरून ओततात, त्यामुळे पदर भिजेल. माहेश्वरीला त्याने काही होत नाही, फक्त घडी घालण्यापूर्वी ती नीट वाळवायला सांगा.

तुमची,
ताई